येण्याचे कारण

लॉजच्या वहीत सहावा रकाना:
येण्याचे कारण.
वरच्या ओळींत लग्न, लग्न, व्यापार, कोर्टाची तारीख.
मळसिद्धप्पा पेन पुढे करतात,
'एकट्याच का ओ ताई?'
आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघतात,
अजून कोणी चढतंय का.
मी लिहिते: दर्शन.
एकतीस वर्षं मोजणीच्या ऑफिसात
दुसऱ्यांच्या जमिनींचे रकाने भरले,
कुठे काय लिहिलं की प्रश्न थांबतात
एवढं कळतं.

खोली नंबर नऊ.
खिडकीत एक चिमणी, म्हणजे गिरणीची,
धूर विसरलेली.
पलंगावर चादर, अर्थात इथलीच,
मोरांची रांग,
त्यातल्या एकाला मान नाही. धागा चुकलाय.
दोन रात्री मी त्याच्याच बाजूला उशी ठेवली.

सकाळी तळं.
आमच्या चिपळुणात पाणी घरात येतं,
न विचारता, माळ्यापर्यंत.
इथे देऊळच पाण्यात जाऊन बसलंय
आणि पाणी आपल्या जागी.
बेलाच्या वाट्यांपाशी बसलेली बाई म्हणाली,
ह्यो देव आधी तळं खणनारा.
मग देव.
मला हा क्रम आवडला. हात जोडायचे राहून गेले.

तिनेच सांगितलं, अडुसष्ट लिंगं आहेत गावभर.
गावनकाशे वाचून डोळे गेलेल्या बाईला
अडुसष्ट म्हणजे काय, असं वाटलं.
पहिलं टायरच्या दुकानामागे.
तिसरं एका न्हाणीलगत,
भिंत त्याला वळसा घालून बांधलेली.
मोजणीत असं वळण आलं की
आम्ही भांडण धरून चालायचो.
इथे कोणी भांडलेलं दिसेना.
सातव्यापाशी ऊन टाळूवर,
आठवं सापडलंच नाही,
नववं विचारायला थांबले तर
नरसम्मा इराबत्तीचं विड्यांचं सूप
त्यालाच टेकलेलं.

'पानी प्या आधी.'
तिचा हात थांबत नाही, पान, तंबाखू, दोरा.
'मालक?'
आहेत. घरी.
'भांडन?'
नाही हो.
'मग?'

मग काय.
सकाळी त्यांचा फोन आला होता,
चहाची पूड कुठे आहे.
वरच्या फळीवर, निळ्या डब्याच्या मागे.
बरं, म्हणाले. जपून ये.
एवढंच, आणि त्यात कसलीच खोट नाही.
हे नरसम्माला सांगायला जावं तर
तिच्या मराठीला माझी मराठी लांब,
आणि तेलुगू मला येत नाही.
तिने दोरा दातांनी तोडला.
'बरं केलं की ओ,' म्हणाली,
आणि पंचवीसची जुडी बांधली.

रात्री खानावळीत चौघांचं टेबल.
पोऱ्याने तीन उलटे ग्लास उचलले, एकात एक घालून.
कडक भाकरी, शेंगाची चटणी,
भाकरी मोडली की आवाज होतो,
शेजारचं कुटुंब वळून बघतं.
मी आणखी एक मोडली.

दुसऱ्या संध्याकाळी किल्ल्याच्या बुरुजावर बसले.
खाली पाण्यात दिव्यांसकट उलटं देऊळ,
एक बगळा त्याच्या कळसावर पाय टाकून
पलीकडे गेला.
काही सुचलं नाही.
ते फार वेळ सुचलं नाही, हे बरं वाटलं.

अकरा झाली. सत्तावन्न उरली.
निघताना वहीत जाण्याची वेळ लिहायला गेले
तर माझ्या ओळीखाली नवा पाहुणा,
टॉवेलांचे नमुने घेऊन आलेला,
बोचकं अजून काउंटरजवळच होतं त्याचं.
त्याने सहाव्या रकान्यात
माझ्या 'दर्शन'खाली
नुसत्या दोन आडव्या रेघा मारलेल्या: वरीलप्रमाणे.

मळसिद्धप्पा म्हणाले, गाडीला वेळ हाय, बसा की.
बसले.
बोचक्याच्या गाठीतून एक टॉवेल डोकावत होता,
पिवळा,
काठाला बारीक निळी रेघ.